आईबद्दल लिहायचंय, पण सुरुवात कुठून करू? (शेतात वाढलेली, शाळेत शिकवणारी आई असेल तर)

आई गेल्यावर दीडेक महिन्याने मी तिच्याबद्दल लिहायला बसले आणि तासाभरात जे कागदावर उतरलं ते वाचून मलाच कसंतरी झालं. शेतकरी कुटुंबात जन्म, शिक्षण, नोकरी, लग्न, दोन मुलं, प्रेमळ, कष्टाळू, शिस्तप्रिय, निवृत्ती. नोकरीच्या अर्जात आणि यात फरक एवढाच की खाली सही नव्हती. तीन वेळा फाडलं, चौथ्यांदा कुठे जमलं. नंतर दोघीतिघींनी विचारलं की कसं लिहिलंस, म्हणून हे.

अडचण अशी आहे की अशा बाईचं आयुष्य तीन ठिकाणी वाटलेलं असतं. शेतावरची पोरगी तिच्या भावंडांना माहीत, शाळेतल्या बाई विद्यार्थ्यांना माहीत आणि घरातली ती नवऱ्याला नि मुलांना, आणि यातल्या कोणालाच बाकीचे दोन तुकडे धड माहीत नसतात. त्यामुळे आधी लिहायचं नाही. आधी एकाकडचं ऐकून दुसऱ्याकडे न्यायचं आणि कुठे काय जुळतंय ते बघायचं.

सुरुवात सगळ्यात म्हाताऱ्या माणसापासून करा, कारण उघड आहे. "ती कशी होती?" असं चुकूनही विचारू नका, उत्तर येतं "फार चांगली होती गं" आणि विषय संपतो. त्यापेक्षा विचारा की शेतावर तिच्या वाट्याला कुठलं काम यायचं, ते चुकवायला ती काय करायची, शाळा कधी बुडायची, पेरणीला की कापणीला, अभ्यास कुठे बसून करायची. माणसाला साधारण 10 ते 30 वयातल्या गोष्टी म्हातारपणी जास्त आठवतात, म्हणून काल काय झालं ते न सांगता येणारा माणूसही शेताचा बांध न बांध सांगतो. जुना फोटो पुढे ठेवा, मग तर प्रश्नही विचारावे लागत नाहीत. फोनवर रेकॉर्ड करणार असाल तर आधी विचारून घ्या, फोन एअरप्लेन मोडवर टाका (माझं अर्धं रेकॉर्डिंग एका लोनवाल्याच्या कॉलने खाल्लं) आणि टेबलावर नुसता न ठेवता खाली घडी केलेलं कापड ठेवा, नाहीतर प्रत्येक थाप धाडधाड ऐकू येते. समोरचा गप्प झाला की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. पाचदहा सेकंद थांबा, खरं बोलणं बऱ्याचदा त्यानंतर येतं.

आता जुळणं म्हणजे काय ते सांगते. आईच्या एका जुन्या विद्यार्थिनीने सांगितलं की सहलीला बाई आम्हाला कधी तोंडाने मोजायच्या नाहीत, बसच्या दाराशी उभ्या राहून प्रत्येकाच्या डोक्याला हात लावत ओठांतल्या ओठांत मोजायच्या. मला हसूच आलं, कारण घरीही रात्री दिवा मालवण्याआधी ती आम्हा दोघांच्या डोक्याला असाच हात लावून जायची, दोघंच तर होतो, मोजायचं काय त्यात! हे मामाला फोनवर सांगितलं तर तो थोडा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, अगं संध्याकाळी गुरं गोठ्यात शिरताना मोजायचं काम तिचं होतं, एकेकाच्या पाठीवर हात ठेवून, आणि एकदा एक वासरू बाहेर राहिलं तेव्हा अंधारात ती एकटी शोधायला गेली होती, वय असेल नऊ. झालं, माझ्या लेखाचा कणा तिथे सापडला.

असा एक धागा मिळाला की बाकीचं त्याच्याभोवती आपोआप लागतं. नाही मिळाला तरी लेख होतो, पण मिळेपर्यंत दोनतीन फोन जास्तीचे करा असं मी म्हणेन.

विद्यार्थ्यांना काय शिकलात हे विचारू नका, ओरडा कधी खाल्लात ते विचारा. आणि वस्तू विचारा. आई नवा खडू आधी मधोमध मोडायची आणि मग लिहायची, आम्हाला तो काटकसरीपणा वाटायचा. खरं कारण असं की लांब खडू फळ्यावर थरथरतो नि किंचाळतो, आखूड कमी. हे मला तिच्याच हाताखाली शिकून स्वतः शिक्षक झालेल्या एकाने सांगितलं.

बायको आणि आई हा भाग सगळ्यात अवघड. "नोकरी सांभाळून घर सांभाळलं" हे वाक्य दिसलं की खोडा आणि त्या जागी एक दिवस लिहा, किती वाजता उठायची, वह्या कधी तपासायची, बाबा त्या वेळात काय करायचे. बाबांना मी विचारलं, तुमचं भांडण कशावरून व्हायचं? अख्ख्या आयुष्यात बोलले नसतील एवढं बोलले. तिचे दोषही येऊ द्या. माझी आई कौतुक सगळं शाळेतच संपवून यायची, घरी आमच्या वाट्याला काही उरायचं नाही, हे मी लिहिलं आणि भावाने सगळ्यात आधी त्याच ओळीवर बोट ठेवून "हे राहू दे" म्हटलं. शेवटचं आजारपण मात्र एकदोन ओळींत आटपा. आपल्या डोक्यात तेच ताजं असतं म्हणून ते पानभर पसरतं.

लिहिताना क्रियापदांकडे लक्ष द्या. "तिला नोकरी मिळाली" च्या जागी "तिने अर्ज केला", "तिचं लग्न झालं" च्या जागी तिने काय म्हटलं ते, माहीत असेल तर. कुठेतरी वाचून दाखवायचं असेल तर मिनिटाला 120 च्या आसपास शब्द धरा, म्हणजे पाच मिनिटांना 600 पुरे, त्याहून जास्त नको, घसा दाटतो तो वेळ वेगळा. जन्मतारीख दाखल्यावर एक आणि घरच्यांच्या तोंडी दुसरी असेल तर दोन्ही लिहून मोकळे व्हा. लहान फोटो 600 डीपीआयला (म्हणजे इंचाला 600 ठिपके, स्कॅनरच्या सेटिंगमध्ये असतं) स्कॅन करा आणि मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलने, बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

छापायच्या आधी सगळं मोठ्याने वाचून एकदोघांना ऐकवा. मी मामाला फोनवर ऐकवलं. शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एकच दुरुस्ती सांगितली, गुरं अकरा नाही, बारा होती, ते वासरू तू धरलंच नाहीस.