ट्रिगर भलत्याच लायब्ररीतली फाइल उघडतो तेव्हा

आमच्या आयबीएम आय सर्व्हरवर ऑर्डर फाइलला आरपीजी भाषेत लिहिलेला एक ट्रिगर होता, म्हणजे रेकॉर्ड टाकलं किंवा बदललं की आपोआप चालणारा प्रोग्राम. नवी ऑर्डर आली की लॉग फाइलमध्ये एक ओळ लिहायची, एवढंच त्याचं काम. ग्रीन स्क्रीनवरून, म्हणजे टर्मिनलच्या साध्या मजकुरी स्क्रीनवरून, टाकलेल्या ऑर्डरी नीट नोंदल्या जायच्या. वेबवरून आलेल्यांच्या ओळी मात्र टेस्ट लायब्ररीतल्या (लायब्ररी म्हणजे इथला फोल्डरच समजा) लॉगमध्ये जाऊन बसत होत्या, आणि मला ते महिनाअखेरीला आकडे जुळेनात तेव्हा कळलं. फाइल सापडलीच नसती तर सीपीएफ४१०१ (फाइल सापडली नाही) आणि पाठोपाठ सीपीएफ५०२बी (ट्रिगरमध्ये चूक) हा एरर आला असता, त्याच दिवशी छडा लागला असता. चुकीची फाइल सापडणं हे न सापडण्यापेक्षा कितीतरी वाईट.

आयबीएम आय वर एडीडीपीएफटीआरजी कमांडने ट्रिगर जोडता, तेव्हा ट्रिगर प्रोग्रामची लायब्ररी त्याच क्षणी ठरते आणि फाइलमध्ये पक्की होते. त्यामुळे प्रोग्राम बरोबर तोच चालतो आणि आपण निर्धास्त होतो. पण त्या प्रोग्रामच्या आतल्या फाइली शोधल्या जातात त्या जॉबच्या (चालू कामाच्या) लायब्ररी लिस्टमध्ये, म्हणजे लायब्ररी ज्या क्रमाने धुंडाळायच्या त्या यादीत. जॉब कुठला? ज्याने रेकॉर्ड बदललं तो. ओडीबीसी किंवा जेडीबीसीने (बाहेरच्या प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणाऱ्या पद्धतींनी) आलात तर तो क्यूझेडडीएएसओआयएनआयटी नावाचा सर्व्हर जॉब असतो, आणि त्याची लिस्ट कनेक्शनच्या सेटिंगवर आणि यूझरच्या जॉब डिस्क्रिप्शनवर (जॉबसाठी साठवलेल्या सेटिंगवर) ठरते. तिथे तुमचं मेन्यू प्रोग्रामने लावलेलं काहीच नसतं.

म्हणून लिस्टवर विसंबू नका, बफरला विचारा, म्हणजे सिस्टीम दर कॉलला ट्रिगरच्या हातात देते त्या माहितीला. ट्रिगर बफरच्या पहिल्या १० जागांत फाइलचं नाव असतं आणि ११ ते २० मध्ये तिची लायब्ररी. कुठल्या लायब्ररीतली ऑर्डर बदलली हे सिस्टीम स्वतःच हातात आणून देते.

लॉग फाइलच्या डिक्लरेशनला यूएसआरओपीएन (आपण सांगू तेव्हाच फाइल उघडते) आणि एक्स्टफाइल (कुठली फाइल उघडायची ते ठरवतो) हे दोन कीवर्ड लावा. एक्स्टफाइलला एक व्हेरिएबल द्या, आणि ओपन करण्याआधी त्यात लायब्ररी, तिरपी रेघ, फाइल असं नाव भरा. लायब्ररीच्या नावामागची रिकामी जागा ट्रिम करायला विसरू नका आणि नाव कॅपिटलमध्येच ठेवा. लॉग वेगळ्या लायब्ररीत राहत असेल तर तिचं नाव ऑर्डर फाइलच्या लायब्ररीतल्या एका डेटा एरियात (छोटी माहिती साठवायच्या ऑब्जेक्टमध्ये) ठेवा आणि तो वाचताना लायब्ररीसकट पूर्ण नाव द्या.

आता खरी मेख. वेगासाठी आपण एलआर (प्रोग्राम संपवून त्याच्या फाइली बंद करणारा इंडिकेटर) ऑन करत नाही, फाइल उघडीच ठेवतो, आणि ते योग्यच आहे. दर रेकॉर्डला ओपन-क्लोज केलं तर मोठी बॅच रखडते. पण एकाच जॉबने आधी टेस्टमधली आणि मग लाइव्हमधली ऑर्डर बदलली, तर उघडी फाइल टेस्टचीच राहते. व्हेरिएबल बदलल्याने काही होत नाही, ते फक्त ओपनच्या वेळी बघितलं जातं. म्हणून शेवटची लायब्ररी एका स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये जपा. दर कॉलला बफरमधल्या लायब्ररीशी ताडून पाहा, वेगळी निघाली तर क्लोज करा, नाव बदला, पुन्हा ओपन करा. या चार ओळी मी कुठल्याही ट्रिगरमधून वगळू देत नाही.

ट्रिगरच्या आत लायब्ररी लिस्ट बदलणारी सीएचजीएलआयबीएल कमांड मात्र कधीही चालवू नका. ती लिस्ट अख्ख्या जॉबची असते. तुमचं काम होईल, पण ज्याने ऑर्डर टाकली त्याचा पुढचा प्रोग्राम कोसळू शकतो.

एसक्यूएलमध्येच लिहिलेल्या ट्रिगरचं उलटं. नुसत्या नावाने लिहिलेल्या टेबलांची लायब्ररी ट्रिगर तयार करतानाच ठरते. तिथे धोका कॉपी करताना: टेबल दुसऱ्या लायब्ररीत नेलंत की ट्रिगरचा मजकूर उघडून त्यातली नावं वाचा. कोणत्या फाइलवर कुठला ट्रिगर लागलाय ते फाइलची माहिती दाखवणाऱ्या डीएसपीएफडी कमांडला टाइपमध्ये टीआरजी देऊन दिसतं.

तपासणी स्क्रीनवरून, बॅचमधून आणि ओडीबीसीवरून अशी तिन्हीकडून करा. शिवाय एकाच जॉबमध्ये टेस्ट, लाइव्ह, पुन्हा टेस्ट अशा तीन ऑर्डरी टाका आणि दोन्ही लॉग उघडून ओळी मोजा: टेस्टमध्ये दोन, लाइव्हमध्ये एक.