एसटीनं रोज अपडाऊन करून कॉलेज कसं करायचं

बारावी झाली, शहरात रूम करायला पैसे नाहीत किंवा घरचे पाठवतच नाहीत (पोरींच्या बाबतीत जास्त करून हेच), मग उरते ते अपडाऊन. दर्यापूर, दिग्रस, हिंगणघाट, मूल, कुठल्याही स्टँडवर सकाळी उभं राहून बघा, अर्धी गाडी कॉलेजच्या पोट्ट्यांनीच भरलेली राहते. माझं मत विचाराल तर अपडाऊनवाल्याचं वर्ष अभ्यासापेक्षा गाडीच्या टाइमनं आणि कागदांनीच जास्त खराब होते, म्हणून ह्या दोन गोष्टी आधी लावून घ्यायच्या.

सगळ्यात पहिले, अ‍ॅडमिशन घ्यायच्या आधीच गाडी बघा. स्टँडवरच्या बोर्डावरचा टाइम नाही, रोजच्या कंडक्टरला विचारा की गाडी खरंच किती वाजता येते आणि पावसाळ्यात नाल्याला पूर आला की कुठून वळवतात. गावात मुक्कामी गाडी येत असेल तर तुमचं नशीब चांगलं, ती पहाटेच निघते, सकाळचं कॉलेज आरामात मिळते. सायन्सवाल्यांनी परतीची शेवटची गाडीही बघावी कारण प्रॅक्टिकल दुपारनंतर राहते. बॅच पाडतात तेव्हाच, म्हणजे अगदी पहिल्या आठवड्यात, सरांना सांगा की सर माझी गाडी एवढ्या वाजता आहे, मला आधीच्या बॅचमध्ये टाका, बहुतेक सर ऐकतात. महिनाभरानं गेलं तर कोणीच ऐकत नाही.

मग पास. विद्यार्थ्यांना मासिक पासमध्ये ६६.६७ टक्के सूट आहे, म्हणजे तीन रुपयातला एकच तुमचा. फॉर्मवर कॉलेजचा सही-शिक्का, आधार, फोटो, एवढंच लागते. बारावीपर्यंतच्या पोरींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट आहे, पण डिग्रीला गेल्यावर तो नाही मिळत, आणि २०२३ पासून बायांना जे अर्धं तिकीट झालं त्याच्यावरच कित्येक पोरी रोज जातात, पण रोज जायचं असेल तर हिशोब करून बघा, पासच स्वस्त पडतो. कॉलेजच्या टाइमाला गाडीच नसेल तर काळी-पिवळीत लटकत जाऊ नका. गावातल्या सगळ्या पोरापोरींनी मिळून आगार व्यवस्थापकाच्या नावानं अर्ज लिहा, सोबत ग्रामपंचायतीचा ठराव आणि कॉलेजचं पत्र जोडा, आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय अर्ज द्यायचाच नाही, हे कुठल्याही ऑफिसात लक्षात ठेवा बाप्पा.

अभ्यासाचं असं आहे की घरी जाऊन करू म्हटलं की होत नाही. घरी गेलं की ढोरं, पाणी, लाइन गेली, पाहुणे आले. म्हणून लेक्चर संपल्यापासून गाडी येईपर्यंतचा जो टाइम राहते तोच तुमचा खरा अभ्यासाचा टाइम, तो स्टँडवर मोबाईल बघत घालवू नका, कॉलेजच्या रीडिंग रूममध्ये बसा आणि त्या दिवशीचं त्याच दिवशी लिहून काढा. गाडीत वाचायचा प्रयत्न करू नका, आपल्याकडच्या रोडवर अक्षरं नाचतात, त्यापेक्षा झोपा, नाहीतर दोस्ताला काल शिकलेलं तोंडी सांगा. आणि वर्गात वऱ्हाडीत प्रश्न विचारायला लाजू नका, सरही इथलेच राहतात.

आता शेतीचं. ऑक्टोबरात सोयाबीन सोंगायला येते, मग हडंबा (मळणीचं मशीन) लागते, दिवाळीच्या आसपास कापूस वेचणी सुरू होते, आणि नेमकी हिवाळी परीक्षाही त्याच्याच मागंपुढं. मजूर भेटत नाही म्हणून घरचे थांब म्हणतात, त्यांचंही चुकत नाही. पण हे दरवर्षीचंच आहे तर सप्टेंबरातच बाबांजवळ बसून ठरवा की कोणते दिवस मी घरी राहणार आणि कोणते नाही, शनिवार-रविवार पूर्ण शेतात, प्रॅक्टिकलच्या दिवशी काही झालं तरी कॉलेज. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली की परीक्षेचा फॉर्म अडते आणि स्कॉलरशिपही अडते, हे घरी नीट समजावून सांगितलं की बहुतेक बाप ऐकतात, कारण पैशाची भाषा सगळ्यांनाच कळते.

स्कॉलरशिपचा अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर भरावा लागते आणि दरवर्षी रिन्यू करावा लागते, पहिल्या वर्षी भरला म्हणजे झालं असं नाही. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेअर हे रिझल्टच्या आधीच सेतूतून काढून ठेवा, जूनमध्ये तिथं पाय ठेवायला जागा नसते. पैसे आधारशी लिंक असलेल्या खात्यात येतात, दोन खाती असतील तर कोणतं लिंक आहे ते बँकेत जाऊन विचारा, नाहीतर पैसे जुन्या खात्यात जातात आणि तुम्ही कॉलेजच्या क्लार्कशी भांडत बसता. इंजिनिअरिंग-फार्मसीसारख्या कोर्सला जाणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस पोरींसाठी, घरचं उत्पन्न ८ लाखाच्या आत असेल तर, २०२४-२५ पासून सरकार शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण भरते. पोरीच्या फीचे पैसे नाहीत म्हणणाऱ्या काकांना हे जरूर सांगा.

गॅदरिंगच्या प्रॅक्टिसला संध्याकाळी थांबता येत नाही, ठीक आहे. त्यापेक्षा एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजना) नाव टाका, वर्षाला १२० तास काम आणि ७ दिवसांचा कॅम्प, बरंच काम दिवसाच होते. स्टेजवर बोलायची भीती तिथं जाते.

आणि एवढं करूनही अपडाऊन झेपत नसेल, तब्येत खराब होत असेल, तर वसतिगृहाचं बघा. समाजकल्याणचं वसतिगृह, तिथं नंबर लागला नाही तर राहण्या-खाण्याचे पैसे देणाऱ्या योजना आहेत: एससीसाठी स्वाधार, आदिवासी (एसटी) पोरांसाठी स्वयंम, ओबीसीसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना, अल्पभूधारक शेतकऱ्याच्या पोरांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. प्रत्येकाच्या अटी वेगळ्या आहेत, म्हणून अ‍ॅडमिशन झाल्याबरोबर जिल्ह्याच्या ऑफिसात जाऊन विचारा, दिवाळीनंतर गेलं तर जागाही भरलेल्या राहतात आणि तारीखही गेलेली राहते.