कार्ड फेल म्हणाले, तरी गाडी काढण्याआधी

रात्री दीडला एनओसीतून, म्हणजे टेलिकॉम नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या कंट्रोल रूममधून, फोन येतो, "घाटावरच्या साइटला कार्ड फेल दाखवतंय, स्पेअर घेऊन निघा." कार्ड म्हणजे साइटवरच्या फायबर उपकरणात खोचलेला सर्किट बोर्ड. स्पेअर घ्याच. पण फोन ठेवण्याआधी अलार्मची यादी मागून घ्या, आणि ती नुसती आत्ताची नको, हिस्ट्रीसकट हवी. यादी गंभीरतेनुसार लावलेली असते, ती वेळेनुसार लावायला सांगा. चाळीस लाल ओळींत सगळ्यात आधी कोण उठलं, एवढंच बघायचं आहे. कार्डाच्या दहा मिनिटं आधी फॅनचा किंवा पॉवरचा अलार्म आला असेल, तर दोषी कार्ड नव्हे. एकाच शेल्फमधली (कार्डं बसवायच्या चौकटीतली) दोन-तीन कार्डं एकदम गेली असतील, तर कार्डांवर संशय घेऊच नका. तिथे आधी पॉवर, मग बॅकप्लेन, म्हणजे सगळी कार्डं जिच्यात खोचतात ती मागची पाटी.

नुसता एलओएस, म्हणजे सिग्नल येत नसल्याचा अलार्म, असेल तर त्या बाजूचं कार्ड बहुतेक वेळा निर्दोष असतं, त्याला प्रकाशच मिळत नाही. आपलं ट्रान्समिट मेलं, तर एलओएस समोरच्या टोकाला येतो आणि आपल्याकडे आरडीआय, म्हणजे 'तुमचा सिग्नल नीट मिळत नाही' असा समोरून आलेला निरोप. म्हणजे कधी कधी गाडी भलत्याच गावाला निघालेली असते. लेझरचा संशय असेल तर बायस करंटचा (लेझर चालवणाऱ्या विजेच्या प्रवाहाचा) मागचा रेकॉर्ड मागा. पॉवर तेवढीच आणि बायस महिनोन्महिने चढत चाललेला, म्हणजे लेझर थकला. तिथे मात्र मॉड्यूल बदलण्याची तयारी ठेवूनच जा.

वहीत स्लॉट, पोर्ट, कार्डाचं पूर्ण नाव, पार्ट नंबर आणि व्हर्जन लिहा. स्टोअरमधलं स्पेअर "तेच आहे" असं कुणी म्हणालं, तरी शेवटची दोन अक्षरं स्वतः वाचा. कंट्रोलर कार्ड असेल तर डेटाबेसचा ताजा बॅकअप घेतल्याची खात्री करा. ट्रॅफिक प्रोटेक्शनवर, म्हणजे राखीव मार्गावर, गेलंय का, आणि रिंगची दुसरी बाजू धड आहे का, हे एनओसीकडून वदवून घ्या. तिकडे आधीच फायबर कट असेल, तर तुम्ही कार्ड जॅक-आउट करताच, म्हणजे स्लॉटमधून उपसताच, उरलंसुरलंही बंद.

आता पिशवी. पॉवर मीटर चार्ज केलेला हवा, आणि १३१० नॅनोमीटरची लाइन १५५०वर मोजणार नाही याची आठवण हवी. पॅचकॉर्ड, म्हणजे फायबरच्या छोट्या जोडतारा, एलसी, एससी आणि एफसी तिन्ही कनेक्टरच्या. जुन्या ओडीएफवर (फायबर जोडण्याच्या फ्रेमवर) काय भेटेल सांगता येत नाही. हिरवं, तिरक्या तोंडाचं एपीसी कनेक्टर निळ्या, सरळ तोंडाच्या यूपीसीत खुपसू नका. क्लीनर पेन विसरलात तर अर्ध्या रस्त्यातून परत फिरा, कारण फायबरचा गाभा साधारण ९ मायक्रॉनचा, धुळीचा एक कण पुरतो. प्रकाश कमी करणारा १५ डीबीचा अ‍ॅटेन्युएटर तर हवाच. ८० किलोमीटरचं दहा गिगचं मॉड्यूल ० ते +४ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं एकक) फेकतं आणि −७ पर्यंतच पेलतं. ते उघड्या पॅचकॉर्डने लूप केलंत, म्हणजे त्याचाच प्रकाश त्याच्याच रिसीव्हरला जोडलात, तर चांगला रिसीव्हर जाळून बसाल. मध्ये १५ डीबी टाकलं की +२ चे −१३ होतात आणि लूप निवांत बसतो. फायबरच्या तोंडात डोळा घालून कधीही बघू नका, तो प्रकाश दिसत नाही.

मल्टिमीटर हवाच. −४८ व्होल्टचा पॉवर प्लांट फ्लोटवर, म्हणजे बॅटरी भरलेली राखणाऱ्या चार्जवर, साधारण ५४ व्होल्ट दाखवतो, २४ सेल गुणिले २.२५. आकडा ४४च्या आसपास असेल तर बॅटरीचा जीव जातोय आणि कार्ड विनाकारण बदनाम होतंय. ए आणि बी दोन्ही पॉवर फीड मोजा. रिस्ट स्ट्रॅप, अँटिस्टॅटिक पिशवी, कन्सोल केबल, पासवर्ड. आणि शेल्टरची किल्ली! हसू नका, मी दोनदा कुलपाला हात लावून परत आलोय.

टॉर्च मुद्दाम वेगळा सांगतोय. एका साइटला मी एकाच स्लॉटमध्ये दोन नवी कार्डं घातली, दोन्ही 'फेल'. तिसरं मागवणार तेवढ्यात वॉचमनने सहज आत टॉर्च मारला. बॅकप्लेनवर तळाच्या ओळीत एक पिन कंगव्याचा दात वाकावा तशी शेजारणीवर टेकलेली. आधीच्या कुणीतरी कार्ड तिरकं रेटलं होतं, आणि पुढची दोन मी त्याच पिनेवर दाबली. तेव्हापासून कार्ड बाहेर काढलं की आधी स्लॉटमध्ये उजेड, मग दुसरं कार्ड.

जुनंच कार्ड एकदा जॅक-आउट करून बसवून बघायला हरकत नाही, पण एकदाच. नवं लागलं की पंधरा मिनिटांचा एक पूर्ण पीएम कप्पा (उपकरण चुका मोजतं ती नोंद) शून्य चुकांचा दिसेपर्यंत साइट सोडू नका, आणि फोर्स्ड स्विच (ट्रॅफिक जबरदस्तीने एका मार्गावर ठेवणारा आदेश) लावला असेल तर तो काढायला लावा. काढलेल्या कार्डावर चिकटपट्टी लावून तारीख, साइट, स्लॉट आणि अलार्म लिहा, नाहीतर पुढच्या महिन्यात स्टोअरवाला तेच कार्ड स्पेअर म्हणून तुमच्या हातात ठेवेल.