पासवर्ड बदलला, तरी चोर घरातच! या चुका टाळा

आमच्या गिरगावच्या इमारतीतल्या वहिनी परवा फोन घेऊन आल्या. "भावजी, दोनदा पासवर्ड बदलला, तरी बँकेचे मेल मला येतच नाहीत." कॉम्प्युटरवर त्यांचं जीमेल उघडलं आणि सेटिंगमध्ये फिल्टर, म्हणजे आलेल्या मेलचं काय करायचं ते ठरवणारे नियम, पाहिले. बँकेचा प्रत्येक मेल एका अनोळखी पत्त्यावर जाऊन इथून आपोआप डिलीट होत होता. पासवर्ड बदलल्याने फिल्टर जात नाही. शिवाय जीमेलच्या मोबाइल ॲपमध्ये फिल्टर दिसतही नाहीत, म्हणून दोन आठवडे हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

चोर आत शिरला कसा? एका जुन्या शॉपिंग साइटवर वहिनींनी मेलचाच पासवर्ड ठेवला होता. तिथला डेटा फुटला आणि किल्ली मेललाही लागली. अशी किल्ली जुनी झाली तरी चालते. लिंक्डइनमधून २०१२ साली चोरलेले कोट्यवधी पासवर्ड थेट २०१६ मध्ये बाजारात विक्रीला आले होते. डेटा फुटणं आपल्या हातात नाही, पण एका जागचा पासवर्ड दुसरीकडे न वापरणं नक्कीच आहे. 'हॅव आय बीन पोन्ड' ही ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली मोफत साइट आहे. तिथे आपला ईमेल टाकला की तो कुठल्या गळतीत सापडलाय हे कळतं.

शेवटचा आकडा बदलून 'नवीन' पासवर्ड करणं ही त्याच चुकीची धाकटी बहीण. हल्लेखोरांचे प्रोग्रॅम आधी हेच करून बघतात. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्या, किंवा पासवर्ड बनवून सांभाळणाऱ्या ॲपला, म्हणजे पासवर्ड मॅनेजरलाच, बनवू द्या. आईबाबांना ते जमत नसेल, तर घरातल्या कपाटातली वही चालेल. मला त्यात काही गैर वाटत नाही, कारण डेटा चोरणारा त्या कपाटापर्यंत पोचत नाही. फोनमधल्या नोट्समध्ये किंवा व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून मात्र ठेवू नका.

सगळ्यात आधी मेल सांभाळा. बाकी सगळ्या खात्यांचं 'पासवर्ड विसरलात?' तिथेच येऊन थांबतं. खात्यात कुणी शिरल्याचा संशय आला तर पासवर्ड बदला, अनोळखी डिव्हाइस लॉगआउट करा, फिल्टर आणि फॉरवर्डिंग तपासा, आणि रिकव्हरीचा, म्हणजे खातं परत मिळवण्यासाठी दिलेला, नंबर बघा. वहिनींचा रिकव्हरी नंबर त्यांनी कधीच बंद केलेल्या सिमचा निघाला! प्रीपेड सिम ९० दिवस वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते, आणि पुढे तोच नंबर दुसऱ्या कुणाला मिळतो. तुमचा ओटीपी मग त्याच्या फोनवर जाणार.

टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, सुरू करताना एसएमएसऐवजी फोनवरच कोड बनवणारं ऑथेंटिकेटर ॲप निवडा. सिम स्वॅप झालं, म्हणजे चोराने तुमच्या नंबरचं नवं सिम मिळवलं, तर एसएमएस त्याच्याकडे जातो. बॅकअप कोड छापून त्याच वहीत ठेवा, म्हणजे लोकलच्या गर्दीत फोन गेला तरी खात्यात शिरता येईल. व्हॉट्सॲपचा सहा आकडी पिनही आजच लावा.

पैसे गेले असतील तर "उद्या बँकेत जाऊन बघू" ही चूक सगळ्यात महागात पडते. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात मिनिटांत फिरतो. वाटेत अडवायचा असेल तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, आणि फोन हातात आहे तोवर बँकेलाही कळवून कार्ड ब्लॉक करा.