डर्बीच्या गाडीचा दबणारा मागचा भाग मी कसा ताठ केला

ओहायोतल्या आमच्या काउंटी फेअरच्या (जिल्ह्याच्या जत्रेच्या) डिमॉलिशन डर्बीत, म्हणजे जुन्या गाड्या एकमेकींवर आदळून शेवटपर्यंत चालत राहणारी गाडी जिंकते त्या स्पर्धेत, मी २००१ची फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया उतरवतो. रेडिएटर वाचवण्यासाठी या स्पर्धेत शक्यतो मागच्या बाजूनेच धडक द्यावी लागते. पण गेल्या वर्षी माझी गाडी प्रत्येक धडकेला मागे इतकी दबत असे, की बंपर खाली जाई, समोरची गाडी त्यावर चढे आणि चाकावरचा पत्रा थेट टायरमध्ये रुतून बसे.

यंदा आधी नियमपत्रक नीट वाचले, कारण सस्पेन्शनला वेल्डिंग कितपत चालते, हे ठिकाणागणिक बदलते. मग गाडी स्टँडवर घेऊन मागच्या कॉइल स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये दोन्ही बाजूंना स्पेसर (वेटोळी दबू न देणारे ठोकळे) फिरवून बसवले, आणि उसळी घेताना स्प्रिंग जागेवरून निसटू नये म्हणून अ‍ॅक्सल साखळीने चेसिसला जखडला. पुढची बाजूही दबू नये म्हणून तिथल्या वरच्या ए-आर्मवर (चाक चेसिसला जोडणाऱ्या, ‘A’ आकाराच्या दांड्यावर) मात्र लोखंडी पट्ट्या वेल्ड केल्या. पहिली पट्टी गंज न घासताच जोडली होती. हातोड्याच्या दुसऱ्या ठोक्याला ती सुटली, तेव्हा चकाकता धातू दिसेपर्यंत ग्राइंडर फिरवून ती पुन्हा जोडली. माझ्या मते सगळे काम या घासण्यावरच अवलंबून आहे.

शेवटी मागच्या बंपरवर उभा राहून मी पूर्ण भार दिला, तर गाडी बोटभरही खाली गेली नाही.