प्रत्यक्ष प्रसंगात उपयोगी पडेल असे स्वसंरक्षण कसे शिकावे

स्वसंरक्षण शिकायचे ठरवल्यावर बहुतेक जण आधी पद्धतीचे नाव निवडतात आणि त्या वर्गात सराव कसा चालतो, हे नंतर पाहतात. हा क्रम उलटा असायला हवा. जोडीदार मनापासून विरोध करत असताना डाव लावून पाहण्याची सोय ज्या वर्गात नाही, तेथे वर्षभर घाम गाळूनही हाती फक्त हालचालींची पाठांतरे लागतात. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये ज्युदोची स्थापना केली, तेव्हा जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतील धोकादायक डाव मुक्त सरावातून वगळले. त्यामुळे उरलेले डाव पूर्ण जोर लावून एकमेकांवर घालता येऊ लागले. क्राव मागा या इस्रायली स्वसंरक्षण पद्धतीचे जनक इमी लिख्टेनफेल्ड हे स्वतः कुस्ती आणि मुष्टियुद्ध खेळलेले होते. 1930 च्या दशकात तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातील ब्रातिस्लाव्हा शहरात रस्त्यावरच्या हाणामाऱ्यांना तोंड देताना आखाड्याचे नियम तेथे अपुरे पडतात, हे त्यांच्या लक्षात आले. पुढे इस्रायली सैन्याला शिकवताना त्यांनी थोडक्या दिवसांत अंगवळणी पडतील अशा सोप्या हालचालींवर भर दिला.

सोपेपणाचा हा आग्रह शरीरशास्त्राला धरून आहे. भीतीच्या क्षणी अॅड्रिनलिनमुळे हृदयाचे ठोके वाढतात, बोटांची नाजूक कामे बिघडतात आणि नजर समोरच्या धोक्यावर खिळून बाजूचे दिसेनासे होते. अशा वेळी बोटाचा सांधा नेमका पकडून मुरगळण्याचा डाव साधणे अवघड असते. हात, खांदा आणि कंबर एकत्र वापरणारी मोठी हालचाल मात्र साधते. शिवाय पर्याय जितके जास्त, तितका प्रतिक्रियेला वेळ अधिक लागतो. म्हणून एकाच हल्ल्यासाठी दहा तोडी शिकवणाऱ्या प्रशिक्षकापेक्षा दोनच तोडी घोटून घेणारा प्रशिक्षक मी केव्हाही पसंत करेन.

मनगटाची पकड सोडवण्याचे उदाहरण घेऊ. पकडणाऱ्याच्या अंगठ्याची आणि बोटांची टोके जेथे जवळ येतात, तेथे पकड सर्वांत कमकुवत असते. आपल्या मनगटाची अरुंद कड त्या फटीकडे वळवावी, कोपर समोरच्याच्या हाताकडे ढकलावे आणि त्याच वेळी पाऊल टाकून अंगाचा भार हालचालीत आणावा. जोडीदाराने सैल धरले असता हे सर्वांना जमते. त्याने खरोखर आवळून ओढले, की नवशिका केवळ हाताने हिसके देऊ लागतो, पाय जागचे हलत नाहीत आणि हात सुटत नाही. सरावाचा खरा आरंभ येथून होतो. जोडीदाराने आधी स्थिर धरावे, मग ओढावे, मग दुसऱ्या हाताने ढकलतही राहावे. एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची घेऊ नये.

प्रहारासाठी मुठीपेक्षा तळहाताचा मनगटाजवळचा टणक भाग बरा, कारण कपाळाच्या हाडावर मूठ आदळली तर करंगळीच्या बाजूचे हाड मोडू शकते. जोर मागच्या टाचेतून कमरेत आणि तेथून खांद्यात यावा. हा प्रहार प्रशिक्षकाने धरलेल्या पॅडवर रोज थोडा तरी करावा, कारण हवेत हात फिरवून अंतराचा अंदाज येत नाही. मागून गळा आवळला गेल्यास मात्र विचाराला वेळ नसतो: गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या, तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपू शकते. म्हणून इतर काहीही करण्याआधी हनुवटी आत घ्यावी आणि दोन्ही हातांनी तो हात खाली ओढावा. सरावात गळ्यावर दाब बेतानेच द्यावा आणि जोडीदाराने ‘पुरे’ अशा अर्थाची थाप मारताच सोडावे.

चाकूच्या बाबतीत वर्गात फार दिशाभूल होते. जोडीदाराच्या हाती जाड शाईचे स्केचपेन द्यावे, स्वतः जुना पांढरा शर्ट घालावा आणि त्याला हवे तसे, थांबून न राहता, वार करू द्यावेत. शर्टावरचे डाग मोजल्यावर चाकू हिसकावण्याच्या सुबक डावांबद्दलचा उत्साह ओसरतो. पळता येत असेल तर पळावे. मागितलेली वस्तू देऊन टाकावी. अडकलोच तर मध्ये खुर्ची किंवा बॅग धरावी.

बहुतेक वर्गांत हातघाईआधीच्या क्षणांना पुरेसा वेळ दिला जात नाही, ही मोठीच उणीव आहे. अनोळखी माणूस अंगावर येऊ लागला, की एक पाय मागे घेऊन दोन्ही तळहात छातीच्या उंचीवर उघडे धरावेत. पाहणाऱ्याला हा समजुतीचा पवित्रा वाटतो, पण हात चेहऱ्याच्या बचावाला तयार असतात. “मागे राहा” हे मोठ्याने आणि स्पष्ट म्हणण्याचाही सराव लागतो, कारण अनेकांचा आवाज ऐनवेळी फुटत नाही.

पाया पक्का झाल्यावर सराव अवघड करत न्यावा. दम लागेपर्यंत धावून लगेच डोळे मिटून उभे राहावे आणि जोडीदाराने कोठूनही पकडावे. कधी रोजचे कपडे, बूट आणि खांद्यावरची बॅग यांसह तेच करावे. दातांसाठी माउथगार्ड आणि जांघेचे संरक्षक कवच यांवर काटकसर करू नये. आठवड्यातून दोनदा नियमित सराव पुरतो, परंतु खंड पडला की प्रतिक्रिया मंदावते. एका दिवसाच्या कार्यशाळेतून सावधपणाची ओळख होते. त्याहून अधिक अपेक्षा धरू नये.

आपल्या देशाचा स्वसंरक्षणाविषयीचा कायदाही सुरुवातीलाच वाचून घ्यावा. सर्वसाधारणपणे धोक्याच्या प्रमाणात बळ वापरण्याची मुभा असते आणि धोका टळल्यावर मारत राहणे हा गुन्हा ठरू शकतो. यासाठी प्रत्येक डावाचा सराव शेवटच्या प्रहारावर न थांबवता, दोन पावले मागे सरून आजूबाजूला आणखी कोणी आहे का ते पाहून, बाहेर पडण्याच्या वाटेकडे धावण्यापर्यंत न्यावा. सुरक्षित जागी पोहोचल्यावर स्वतःचे अंग चाचपून जखम तपासावी, कारण त्या भरात वार झाल्याचे अनेकदा कळतही नाही; त्यानंतर पोलिसांना कळवावे.