पहिली ते तिसरीच्या वाचनासाठी आलेला निधी : शाळांनी या चुका टाळा

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ग्रुपवर मेसेज पडतो: ‘लिमिट जमा झाली आहे. ३१ तारखेच्या आत खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र सादर करावे.’ लिमिट म्हणजे शाळेला खर्चासाठी मंजूर झालेली रक्कम. मग तालुक्यातले सगळे मुख्याध्यापक त्याच दोन-तीन दुकानांकडे धाव घेतात. तिथे ‘शाळा सेट’ बांधून तयारच असतो. बिल होतं, पीपीएवर, म्हणजे पैसे देण्याच्या छापील आदेशावर, सह्या होतात, गठ्ठा कपाटात जातो. दुसरीतल्या ज्या पोराला अजून वेलांटी उमगलेली नाही, त्याला वाचता येईल असं एकही पुस्तक त्या गठ्ठ्यात नसतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बावीस वर्षं शिकवते आहे आणि त्यातली नऊ वर्षं मुख्याध्यापकाचा चार्जही माझ्याकडे आहे. खालच्या चुकांपैकी निम्म्या माझ्या हातून झालेल्या आहेत, म्हणूनच लिहिते.

मार्चमध्ये यादी करायला बसू नका

पैसा उशिरा येतो ही तक्रार खरी आहे आणि त्यावर शाळेचा इलाज नाही. पण यादी, ठराव आणि दुकानदाराची नोंदणी ही तीन कामं खात्यात दमडी नसतानाही होतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करायचाच असतो. बहुतेक ठिकाणी तो उघडला की कंपाउंड, पत्रे, संडास आणि रंगकाम एवढंच दिसतं. त्यात वाचनासाठी एक वेगळं पान ठेवा. सप्टेंबरच्या सभेतच ठराव घ्या: निधी आल्यास ही पुस्तकं, इतक्या प्रती. म्हणजे ऐन मार्चमध्ये, माणसं हरभरा काढायला गेलेली असताना, कोरमसाठी शेताशेतांतून सह्या गोळा करत फिरावं लागत नाही.

दुकानदाराची पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी पैसे देण्याच्या ऑनलाइन प्रणालीवर, नोंद जानेवारीतच करून टाका. खातं पडताळणीत अडकतं ते बहुधा दोन कारणांनी. एक म्हणजे बिलावर दुकानाचं नाव असतं आणि पासबुकात मालकाचं. दुसरं म्हणजे जुना आयएफएससी कोड. देना आणि विजया बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. २०२० मध्ये सिंडिकेट कॅनरात गेली, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत गेल्या. दुकानदाराच्या लेटरहेडवर मात्र अजून जुनाच कोड छापलेला सापडतो. लेटरहेडवर विसंबू नका, रद्द केलेला चेक मागून घ्या. पेमेंट नाकारलं गेल्याचं ३० मार्चला कळलं तर हातात काहीच उरत नाही. लिमिट परत जाते आणि पुस्तकांचे पैसे दुकानदाराला देणं राहतं. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी असे साडेचार हजार स्वतःच्या पगारातून भरले.

सगळा पैसा एकाच पिशवीतला समजू नका

‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतून येणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. वीजबिल, खडू, नळदुरुस्ती, झाडू, फिनेल हे सगळं त्यातूनच जातं. लहान शाळेत यातून वाचनासाठी काही उरेल असं धरून चालू नका. ग्रंथालय अनुदान वेगळं असतं, प्राथमिक शाळेला ५,००० रुपयांपर्यंत. ‘निपुण भारत’ या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात अध्ययन साहित्यासाठी दर मुलामागे वर्षाला ५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे, पण ती बरीचशी वरूनच खरेदी होऊन भाषा पेटीसारख्या तयार साहित्यसंचाच्या रूपात शाळेत पोचते. म्हणजे शाळेने स्वतः निवडून पुस्तकं आणायची, तर भिस्त मुख्यतः त्या पाच हजारांवर. रक्कम लहान आहे, म्हणून तर ती चुकीच्या पुस्तकांवर जाते तेव्हा जीव तुटतो.

एका लेखाशीर्षाखाली, म्हणजे एका कामासाठी, आलेला पैसा दुसऱ्यावर खर्च केला की ऑडिटमध्ये आक्षेप येतो. पैसा कोणत्या शीर्षाखाली आला ते त्या वर्षीच्या पत्रात वाचा, मागच्या वर्षीच्या पत्रावर जाऊ नका.

कोण कुठे अडलंय ते न बघता खरेदी: सगळ्यात महाग चूक

इथे जरा थांबते, कारण बाकीच्या चुका कागदाच्या आहेत आणि ही मुलाची आहे.

काही वर्षांपूर्वी तिसरीत एक मुलगी होती. धडा वाच म्हटलं की खणखणीत आवाजात वाचायची. भेटीला आलेले साहेब तिच्यावर खूश होऊन गेले होते. एकदा ती वाचत असताना मी सहज तिच्या ओळीवर पंजा ठेवला. ती थांबली नाही. झाकलेली ओळ तिने तशीच म्हणून टाकली, पुढचीही म्हटली. पाटीवर ‘मुलगी’ लिहून दाखवलं तर ‘मलग’ वाचलं. अक्षरं येत होती. उकार, वेलांटी, मात्रा यांच्याकडे तिचं लक्षच जात नव्हतं. अख्खं पुस्तक ऐकून ऐकून पाठ होतं. दोन वर्षं मी तिला ‘वाचणारी’ म्हणून रजिस्टरला नोंदवत होते.

तेव्हापासून यादी करण्याआधी मी दुसरी-तिसरीच्या प्रत्येक मुलाला पाच मिनिटं एकटं घेऊन बसते. आधी सुटी अक्षरं, मग स्वरचिन्हांचे साधे शब्द, मग चार ओळींचा परिच्छेद, मग छोटी गोष्ट. मजकूर पाठ्यपुस्तकाबाहेरचा हवा, नाहीतर वर सांगितलं तेच होतं. एका कागदावर चार रकाने आखायचे आणि प्रत्येक नाव कुठल्या तरी रकान्यात लिहायचं. त्या कागदातूनच खरेदीची यादी निघते. ज्या रकान्यात गर्दी, त्या पायरीची पुस्तकं जास्त. परिच्छेदावर अडलेल्यांना बिनजोडाक्षरांच्या, मोठ्या टाइपातल्या, पानाला दोन ओळींच्या गोष्टी लागतात. अक्षरावर अडलेल्यांना पुस्तकाआधी अक्षरपट्ट्या लागतात, आणि त्या जुन्या कॅलेंडरांच्या मागच्या बाजूवर फुकट होतात.

दुखणं एका शाळेपुरतं नाही. मुलांचं वाचन आणि गणित तपासणाऱ्या ‘असर’ या पाहणीत २०२४ मध्ये देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांमधली तिसरीची फक्त २३.४ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. म्हणजे चारातल्या तीन मुलांसाठी तिसरीचं पुस्तकच अवघड आहे, आणि आपण त्यांच्या कपाटात थोरांची चरित्रं आणि सामान्यज्ञान कोश भरतो.

‘सेट’ घेऊ नका

सेटमध्ये पन्नास वेगवेगळी पुस्तकं असतात, प्रत्येकाची एक प्रत. बिलावर आकडा छान दिसतो. पण वाचायला शिकणाऱ्या चार मुलांना एकत्र बसवून एकच गोष्ट वाचायची असते. एकाने बोट ठेवायचं, दुसऱ्याने पुढचा शब्द सांगायचा. त्यासाठी एकेका पुस्तकाच्या चार-पाच प्रती लागतात. पन्नास नावांपेक्षा बारा नावं आणि प्रत्येकाच्या चार प्रती, हा हिशोब मला उपयोगी पडला आहे.

दुकानात पुस्तक मधूनच उघडा आणि एका पानावरची जोडाक्षरं मोजा. ‘पुस्तक बालवाचकांसाठी’ असं मुखपृष्ठावर असतं आणि आत पहिल्याच वाक्यात ‘निसर्गरम्य’ आणि ‘स्वच्छंद’ येतात. नॅशनल बुक ट्रस्टची पातळ चित्रपुस्तकं स्वस्त आहेत आणि टिकतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत, त्या छापून घ्यायलाही मोकळ्या आहेत. तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडून जाड कागदावर काढून शिवून घेतल्या तर थोड्या पैशांत खूप प्रती होतात. त्याचं पक्कं बिल घ्यायला विसरू नका.

आता घरच्या भाषेचा प्रश्न. धडगाव-अक्कलकुव्याकडे घरात पावरी किंवा भिली, मेळघाटात कोरकू. तिथल्या पहिलीच्या मुलाला प्रमाण मराठी ही शाळेत भेटलेली नवी भाषा असते. अशा शाळेने आधी चित्रं आणि मुलांच्या तोंडच्या गोष्टींवर खर्च करावा. मुलांनी सांगायचं, बाईंनी त्यांच्या शब्दांत मोठ्या अक्षरांत लिहायचं, शेजारी मराठी लिहायचं. कागद, स्केचपेन, लॅमिनेशन एवढाच खर्च. ‘साहित्य निर्मिती’ म्हणून तो दाखवता येतो का, हे गटसाधन केंद्रात, म्हणजे तालुक्याच्या शैक्षणिक मदत केंद्रात, आधी विचारून घ्या.

ऊसतोडीच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट जिवाला लागते. मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर फडावर जातात आणि परततात तेव्हा मार्च-एप्रिल उजाडलेला असतो. निधी येतो नेमका मुलं नसताना. तिथे खरेदी करताना पुढच्या नोव्हेंबरचा विचार करा. जाणाऱ्या मुलाच्या पिशवीत घालून देता येतील अशी हलकी पाच-सहा पुस्तकं बाजूला काढून ठेवा. हरवतील, ओलीही होतील. तरी द्या.

घड्याळ लावून शर्यत नको

निपुण भारत ५ जुलै २०२१ ला सुरू झालं. २०२६-२७ पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मूल समजून वाचायला लागावं, हे त्याचं उद्दिष्ट. दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीसाठी किमान ६०, हे त्यातले आकडे सगळ्यांना पाठ आहेत. ‘समजून’ हा शब्द मात्र गळून पडला. मोबाइलवर टायमर लावून मुलं धडाधड वाचतात आणि ‘बकरी कुठे गेली?’ विचारलं तर छताकडे बघतात.

अमेरिकेनेही याची मोठी किंमत मोजली आहे. तिथे ‘रीडिंग फर्स्ट’ नावाच्या योजनेतून २००२ पासून दरवर्षी सुमारे एक अब्ज डॉलर राज्यांमार्फत शाळा-जिल्ह्यांना दिले गेले. २००८ च्या सरकारी मूल्यमापनात पहिलीची मुलं शब्द फोडून वाचण्यात सुधारलेली दिसली, पण मजकूर समजण्यात पहिली ते तिसरीपर्यंत ठळक फरक आढळला नाही. गोष्ट ऐकणं, तिच्यावर बोलणं, शब्दसंपत्ती वाढणं हे घडल्याशिवाय आकलन येत नाही. रोज वीस मिनिटं बाईंनी मोठ्याने गोष्ट वाचून दाखवायला एक रुपया लागत नाही, तरी वेळापत्रकात पहिला घाला तिच्यावरच पडतो.

प्रशिक्षण म्हणजे सभागृह आणि जेवण, असं धरू नका

हे वरच्या साहेबांसाठी आहे, कारण प्रशिक्षणाचा पैसा शाळेच्या हाती नसतो. दोनशे शिक्षक एका हॉलमध्ये, समोर पीपीटी, दुपारी पुरीभाजी, संध्याकाळी हजेरीपत्रक. सोमवारी वर्गात काहीच बदललेलं नसतं.

मिसिसिपी हे अमेरिकेतलं गरीब राज्य. २०१३ मध्ये तिथल्या विधिमंडळाने वाचनाचा कायदा केला आणि वर्षाला साधारण दीड कोटी डॉलर खर्च ठेवला. तेवढ्या मोठ्या व्यवस्थेत ही रक्कम फार नाही. तिचा मोठा वाटा सर्वांत मागे पडलेल्या शाळांत जाऊन शिक्षकाशेजारी बसणाऱ्या वाचन-मार्गदर्शकांवर आणि शिक्षकांच्या दीर्घ प्रशिक्षणावर गेला. चौथीच्या राष्ट्रीय वाचन चाचणीत २०१३ ला हे राज्य ४९ व्या क्रमांकावर होतं, २०२४ ला नवव्या. तिसरीत वाचता न येणाऱ्या मुलाला मागे ठेवण्याची त्यांची अट मला पटत नाही. पण वर्गात येऊन शेजारी बसणारं माणूस हवं, हे शंभर टक्के पटतं.

आपल्याकडे आजूबाजूच्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख आहेत, शिक्षकांना विषयाचं मार्गदर्शन करणाऱ्या विषय साधनव्यक्ती आहेत. त्यांच्या भेटीचा अर्धा तास माहिती भरण्यात आणि रजिस्टरं बघण्यात जातो. त्यांनी एखाद्या अडलेल्या मुलाला माझ्यासमोर वाचायला बसवलं, तर तेवढ्यात मी जास्त शिकेन.

ग्रामपंचायतीला विसरू नका

गावच्या विकास आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरपासून सुरू होते. त्या ग्रामसभेला जा, नेमकी मागणी लेखी द्या: एक उघडं फडताळ, दोन सतरंज्या, इतकी पुस्तकं. ‘शाळेला मदत करा’ म्हटलं की गेट बांधून मिळतं. माता पालक गटातल्या दोघीतिघींना बरोबर न्या. आई उठून बोलली की सरपंच ऐकतात.

ऑडिटच्या भीतीने कुलूप लावू नका

मी कितीतरी शाळांत कोरी पुस्तकं पाहिली आहेत, प्लॅस्टिकसकट. विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘फाटली तर वसुली निघेल.’ ही भीती खरी आहे, तिला हसू नये. पण तिच्यावर रीतसर वाट आहे. पुस्तकं ग्रंथालयाच्या दाखलखारीज नोंदवहीत चढवा, देवघेवीची वही तिसरी-चौथीच्या मुलांकडेच द्या, आणि वर्षातून एकदा जीर्ण पुस्तकांची यादी समितीपुढे ठेवून निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदीतून कमी करण्याचा, प्रस्ताव वर पाठवा. पाठवलेल्या पत्राची पोच जपून ठेवा.

गेल्या एप्रिलच्या सभेत आम्ही घेतलेला ठराव असा आहे: ‘सोबतच्या यादीतील एकूण २३ पुस्तके मुलांच्या नियमित वाचनामुळे फाटली असून दुरुस्तीपलीकडे गेली आहेत. सबब ती निर्लेखित करण्यास व त्याच पुस्तकांच्या नवीन प्रती घेण्यास ही सभा मंजुरी देत आहे.’ सूचक म्हणून एका आईची सही आहे. अनुमोदक म्हणून दुसऱ्या एका आईचा अंगठा आहे. तिची मुलगी त्या यादीतली सहा पुस्तकं वाचून चौथीत गेली.